नात्याचं गुणोत्तर

आमच्या गावाचं नाव नाते. महाडहून रायगडाच्या वाटेला लागलं की नाते खिंड येते आणि पुढे गाव. असं नाव असलेल्या गावच्या माणसाला जन्मभर एकच विनोद ऐकावा लागतो. ‘सुट्टी कशाला हवीय?’ ‘नात्याला जायचंय.’ ‘कुणाचं लग्न आहे?’ पनवेलच्या कचेरीत हा विनोद मी आजवर इतक्या साहेबांकडून ऐकलाय, की आता मीच तो आधी करून टाकतो आणि रजेचा अर्ज पुढे सरकवतो.

तर अशा या नात्याला जाण्यासाठी मी मोटरसायकल घेतली. दोनशे सीसीची, उंच, काटकुळी, पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची चाक. खाली गाडीपेक्षा हवाच जास्त. ही गाडी डांबरावरही चालते आणि धोंड्यांवरही, असं सांगून ती विकली जाते. दोन दगडांवर पाय ठेवण्याबद्दल आपल्याकडे शतकानुशतकं जे सांगितलं गेलंय, ते विसरून मी ती घेतली. पण माझा रस्ताच मुळी दोन दगडांचा आहे. पनवेलपासून महाडपर्यंत मुंबई-गोवा महामार्ग, शंभराहून अधिक किलोमीटर. मग रायगडाचा रस्ता. आणि सगळ्यात शेवटी गावाच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीकडे जाणारी अडीच किलोमीटरची चढण. निम्म्यात काँक्रीट आहे, निम्म्यात लाल माती, आणि एक वळण असं आहे की तिथे पावसाळ्यात रस्ता आणि ओढा एकमेकांच्या अंगावरून जातात.

पहिल्याच गणपतीला गाडी त्या वळणावर बसली. मागे काका, काकांच्या मांडीवर तांदळाचं पोतं. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, इंजिनाचा आकांत आणि क्लचप्लेटचा करपलेला वास. काका शांतपणे उतरले, पोतं खांद्यावर घेतलं आणि चालत वर गेले. मी पोहोचलो तेव्हा ते हातपाय धुऊन ओटीवर बसले होते.

‘कितीला घेतलीस म्हणालास?’ त्यांनी विचारलं.

महाडच्या मेस्त्रींनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि निदान केलं. ‘ओढत नाही ना? पुढचं सॉकेट बाराचं टाकू. एकच दात कमी.’ स्प्रॉकेट हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. चेनसॉकेट म्हणतात, आणि दाते न म्हणता दात म्हणतात. त्यामुळे गॅरेजमधलं बोलणं ऐकणाऱ्याला दंतवैद्याकडे आल्यासारखं वाटतं. माझ्या गाडीला पुढे इंजिनाच्या बाजूला तेरा दात, मागच्या चाकाला चाळीस. चाळीस भागिले तेरा म्हणजे तीन पूर्णांक आठ शतांश. मागचं चाक एकदा फिरायला पुढचं सॉकेट तीनदा आणि वर किंचित फिरतं. शाळेत या प्रकाराला गुणोत्तर म्हणत. दोन संख्यांमधलं नातं, अशी गुरुजींनी व्याख्या सांगितली होती आणि अख्खा वर्ग हसला होता, कारण वर्गातली सगळी पोरं नात्याचीच होती.

पुढे बारा दात केले की हेच गुणोत्तर 3.33 होतं. आठ टक्क्यांचा फरक. मागच्या चाकाला मिळणारा रेटा आठ टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढ्याच इंजिनाच्या फेऱ्यांना जिथे साठचा वेग मिळायचा, तिथे पंचावन्न मिळतो. इंजिनाची ताकद मात्र होती तेवढीच राहते. दात काही जादा कमवत नाही, आहे त्याची वाटणी बदलतो. हे समजायला मला वही, पेन आणि एक रविवार लागला. वास्तविक नात्याच्या माणसाला ते रक्तातून यायला हवं होतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख 1896 साली आमच्याच गावात जन्मले. जमेची बाजू वाढत नसताना खर्चाच्या रकान्यांत ओढाताण कशी करायची, हा त्यांचा व्यवसाय. त्यांना बारा दात सुचवले असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, की हे आठ टक्के कुठल्या खात्यातून वळते करताय? शिवाय त्यांनी ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही केलाय, म्हणजे आमच्या चढणीवर ढग उतरल्यावर काय होतं याचीही त्यांना कल्पना असणार.

बाराचं सॉकेट बसवलं आणि गाडी वळण चढली. पोत्यासकट चढली. मी एवढा खूश झालो की लगोलग पोलादपूरला जाऊन आंबेनळी घाटात शिरलो. या घाटात पूर्वी माझी फार पंचाईत व्हायची. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किंचाळायची, तिसऱ्यात टाकली की प्राण सोडायची, आणि मी महाबळेश्वरपर्यंत दोघांची समजूत काढत जायचो. आता तिसरा गिअर वळणावळणाला टिकून राहिला. मेस्त्रींना फोन करून आभार मानले. ते म्हणाले, ‘पनवेलला पोचल्यावर परत फोन करा.’ त्यांच्या आवाजात मला तेव्हा काही जाणवलं नाही.

माणगावच्या अलीकडेच जाणवलं. जिथे गाडी ऐंशीला गुणगुणायची, तिथे आता चौऱ्याहत्तरला भजनी मंडळ बसलं होतं. हाताला मुंग्या, कानात भुंगा. पाचवा गिअर पडल्यावरही पाय आपोआप सहावा शोधायला जायचा, आणि सहावा नाहीच. कंटेनरवाले मला ओलांडताना करुणेनं बघत होते. अॅव्हरेज पडलं ते वेगळंच.

बारा दातांचं आणखी एक दुखणं वाचून कळलं आणि मग ऐकूही यायला लागलं. सॉकेट जितकं लहान, तितकं ते चेनच्या दृष्टीनं गोल राहत नाही. चेन त्याच्यावर वाकत नाही, कोपऱ्याकोपऱ्यानं मोडते. बारा दातांचं चाक म्हणजे बाराकोनी पाट फिरवण्यासारखं आहे. हळू चालताना त्याचे बारीक हिसके पायाला लागतात, आणि चेन मागच्या दांड्यावरच्या रबराला घासत राहते. त्यातून बारा हा आकडा सम. चेनमध्ये एक आतली कडी, एक बाहेरची, अशी आलटून पालटून मांडणी असते आणि एकूण कड्या समच असतात. त्यामुळे सम दातांच्या चाकात ज्या दाताच्या नशिबी बाहेरची कडी आली, त्याला जन्मभर बाहेरचीच. तेरा दात असले की दर फेरीला अदलाबदल होते आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. तेरा हा आकडा अशुभ मानणाऱ्यांनी कधी चेन ओढलेली नसावी. (मागचे चाळीस समच आहेत, मान्य. पण चाळीस जणांच्या कुटुंबात कुरबूर पसरून जाते.)

ही सगळी कटकट फार जुनी नाही. आज आपण पाहतो तशी, बुश आणि रोलरची चेन हान्स रेनॉल्डनं मँचेस्टरमध्ये 1880 साली काढली. त्याआधीच्या उंच सायकलींना पेडल थेट पुढच्या चाकाला असायचं. वेग हवा तर चाक मोठं करायचं, आणि चाक किती मोठं, तर आपली टांग पोहोचेल तेवढं. प्रश्नच मिटला. मग 1885 मध्ये स्टार्लीची रोव्हर सायकल आली, चेन मागच्या चाकाला, दोन्ही चाकं जवळपास सारखी, आणि माणसाला टांगेपेक्षा मोठ्या चाकाचं स्वप्न पडायला लागलं. आमच्या मुलखानं मात्र या प्रश्नाचं उत्तर त्याच्याही दोन शतकं आधी काढलेलं होतं. सह्याद्रीच्या वाटांवर मराठ्यांनी दामटली ती बुटकी, काटक तट्टं. मैदानात उंच अरबी घोडा त्यांना मागे टाकेल, पण त्याला खिंडीत आणून दाखवा. तट्टू म्हणजे पुढे बाराच दात असलेला घोडा, असं मला आता वाटतं.

पनवेलला एका मित्रानं चौदाचं सॉकेट घाल म्हणून सांगितलं. हायवेवर मखमल होईल म्हणाला. त्याचं गाव पनवेलच आहे.

मी मेस्त्रींकडे परत गेलो. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. ‘मग मागून करू,’ म्हणाले. पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन, असा साधारण हिशेब असतो. पुढचा दात हा घरातला कर्ता माणूस. त्यानं जरा आवाज चढवला की घर हादरतं. मागचे दात म्हणजे भाऊबंद. दोन आले काय, गेले काय, वाटणीचा दिवस येईपर्यंत कळत नाही. पुढे परत तेरा केले, मागे चाळीसचे बेचाळीस. गुणोत्तर 3.23, पाच टक्क्यांचा फरक. चेन तीच पुरली, फक्त चाक थोडं पुढे घ्यावं लागलं. महामार्गावर किंचित भुणभुण आहे, पण भजनी मंडळ उठलं. सोबत काढून ठेवलेलं चाळीसचं चक्र वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीला बांधलं. पाच टक्क्यांसाठी एवढं केलं आणि तेही शेवटच्या अडीच किलोमीटरसाठी, हे बायकोला सांगितलं नाही. गाडी कुठली घ्यायची ते शंभर किलोमीटर ठरवतात आणि तिला दात किती असावेत ते एक वळण ठरवतं, हे मला पटलंय. पण पटलेल्या सगळ्याच गोष्टी घरी सांगण्यासारख्या नसतात.

या गणपतीला पुन्हा काका मागे. वाटेत मी त्यांना सगळं समजावलं. ते ऐकत होते. त्यांनी वीस वर्षं एम-एटी चालवली, याच चढणीवर, पुढे सिलेंडर आणि मागे काकी अशी.

‘तुमच्या एम-एटीला किती दात होते?’ मी विचारलं.

‘तिचे कोण मोजतंय. माझे मात्र तेव्हा सगळे होते.’

वळण आलं. ओढा रस्त्यावरच होता. मी पहिल्यात गाडी टाकली, क्लच पूर्ण सोडला, इंजिन कुरकुरलं नाही, मागचं चाक मातीत एकदा चाचपडलं आणि धरलं. तेवढ्यात गाडी एकदम हलकी झाली. मागे बघतो तर काका उतरून पोतं खांद्यावर घेत होते.

‘काका, चढतेय! बसा ना!’

‘चढू दे रे तिला. हे वळण मी बसून कधी गेलोच नाय.’

मी पहिल्यांदाच त्यांच्या आधी घरी पोहोचलो. ओटीवर बसून वाट बघण्याची मला सवय नव्हती, म्हणून वर्तमानपत्र सोडून चाळीसचं चक्र काढलं, घासलेटनं पुसलं आणि काकीला दाखवायला आत नेलं. काकी चुलीवरून भाताचा टोप उतरवत होती. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, साबणानं धुतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि जमिनीवर ठेवलं.

‘किती दात?’

‘चाळीस.’

‘पुरे झाले,’ म्हणाली, आणि टोप त्याच्यावर ठेवला.