बिनपावसाची छत्री

लख्ख ऊन पडलेलं असताना भर चौकात छत्री उघडून उभा राहणारा माणूस एक तर भ्रमिष्ट असतो, नाही तर गाईड. प्रागच्या जुन्या शहराच्या चौकात रोज सकाळी अशा छत्र्या उगवतात. लाल, पिवळ्या, केशरी, निळ्या. जितके रंग तितक्या कंपन्या, आणि बहुतेकांच्या फलकावर एकच मोहक शब्द: फुकट. अडीच तासांची पायी सहल, फुकट. जमायचं यान हुसच्या पुतळ्यापाशी. आपल्या शिकवणीतलं अक्षरही मागे घ्यायला तयार झाला नाही म्हणून या हुसला १४१५ साली जिवंत जाळलं. पाचशे वर्षांनी, १९१५ साली, त्याचा पुतळा इथे बसवला. आता त्याच्या पायथ्याशी दिवसभर जी विधानं केली जातात, त्यांतली निम्मी कुठल्याही चौकशीपुढे टिकणार नाहीत.

छत्रीवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते त्यामुळेच.

तो सहसा प्रागचा नसतो. ऑस्ट्रेलियातून सहा महिन्यांसाठी आलेला असतो आणि एका झेक मुलीपायी थांबलेला असतो. मुलगी पुढे नोकरीसाठी ब्रनोला जाते, हा राहतो. स्पॅनिश छत्रीखाली एखादा अर्जेंटिनाचा निघतो. आणि चुकून झेक निघालाच, तर इतिहासात एम. ए. झालेला आणि प्रबंध पुढच्या वर्षी नक्की पुरा करणार असलेला. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. एका खिशात घशाच्या गोळ्या, दुसऱ्या खिशात सुट्टी नाणी. निघण्याआधी तो सगळ्यांना पुतळ्यासमोर उभं करून हसतमुखाने फोटो काढतो. आपल्याला वाटतं, आठवण म्हणून. या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्या गाईडकडून माणशी ठरावीक रक्कम वसूल करतात आणि डोकी मोजायला हा फोटो लागतो. म्हणजे फुकट सहलीला येणारा प्रत्येक माणूस त्याच्यासाठी सकाळी साडेदहा वाजताच कर्ज असतो.

त्याचं चालणं बघण्यासारखं. अडीच तासांतला बराच वेळ तो उलटा चालतो. प्रागची फरसबंदी म्हणजे मुठीएवढ्या चौकोनी दगडांची नक्षी. तिच्यावर सरळ चालतानाही घोटे तक्रार करतात. हा मात्र आपल्याकडे तोंड करून, छत्री हलवत, लक्झेंबुर्ग घराण्याची वंशावळ सांगत मागे मागे जातो आणि पाठीमागून येणारी सामानाची गाडी त्याला न बघता कळते. चौकातून चार्ल्स पुलावर सरळ गेलं तर दहा मिनिटं लागतात. एवढ्या अंतराचे अडीच तास करणं हीच त्याची कला, आणि ती कला आपल्या कीर्तनकाराची आहे. आधी पूर्वरंग: चौथा चार्ल्स, विद्यापीठ, कॅथलिक आणि सुधारक यांचा झगडा. श्रोते पेंगायला लागतात. मग मध्यंतर, ओळखीच्या कॅफेत. तिथे श्रोते पैसे देऊन कॉफी पितात आणि बुवांना ती मालकाकडून मिळते. त्यानंतर उत्तररंगात आख्यान रंगतं, आणि शेवटी तबक फिरतं. फरक एवढाच की इथे तबकाच्या वेळी पळ काढणाऱ्याला कोणी नास्तिक म्हणत नाही.

आख्यानं ठरलेली आहेत. पहिलं घड्याळाचं. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरचं ते खगोलीय घड्याळ तासाला वाजतं, आणि ते वाजायच्या आधी पाच मिनिटं तो आपल्याला बरोबर समोर आणून उभं करतो. मग आवाज खाली आणतो. हानुश नावाचा कारागीर होता. त्याने हे अद्भुत घड्याळ घडवलं. असं दुसऱ्या कुठल्या शहरासाठी त्याने करू नये म्हणून नगरपित्यांनी रात्री माणसं पाठवून तापल्या सळईने त्याचे डोळे काढले. आंधळा हानुश चाचपडत यंत्रापर्यंत गेला, आत हात घातला आणि घड्याळ बंद पाडलं. घोळक्यातल्या दोन-तीन बायका हळहळतात. एवढ्यात वर सांगाडा दोरी ओढतो, खिडक्या उघडतात, बारा प्रेषित ओळीने डोकावून जातात, कोंबडा आरवतो. सगळं मिनिटभरातच संपतं. उंच धरलेले शेकडो मोबाईल खाली येतात आणि जगातल्या झाडून सगळ्या भाषांत एकच प्रश्न उमटतो: ‘झालं?’

त्या गलक्यातच, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, छत्रीवाला खरं काय ते सांगून टाकतो. घड्याळ १४१० सालचं, मिकुलाश नावाच्या कादान गावच्या कारागिराने केलेलं. गणित बहुधा यान शिंडेल या विद्यापीठातल्या ज्योतिर्विदाचं. कारागिराचे डोळे शेवटपर्यंत शाबूत, आणि वरचे प्रेषितही जुने नव्हेत. मूळचे १९४५ च्या मे महिन्यात जळले, हे त्यानंतर कोरलेले. डोळे काढायला चार मिनिटं, परत बसवायला बारा सेकंद. पण बसवतो, हे महत्त्वाचं. या बाबतीत तो आपल्याकडच्या किल्ल्यावरच्या पुष्कळ वाटाड्यांपेक्षा प्रामाणिक आहे, असं माझं मत आहे.

दुसरं आख्यान ट्यूको ब्राहेचं, आणि ते सांगायची वेळ तो फार विचारपूर्वक निवडतो. टीन चर्चचे दोन काळे मनोरे दिसतात, तिथे आत हा डॅनिश खगोलशास्त्रज्ञ पुरलेला आहे. तरुणपणी द्वंद्वयुद्धात त्याचं नाक गेलं आणि पुढे तो धातूचं नाक लावून हिंडला. १६०१ साली प्रागच्या एका उमरावाकडे मेजवानी होती. यजमानाआधी उठणं असभ्य, म्हणून लघवी लागली असतानाही ट्यूको बसून राहिला, घरी आल्यावर त्याची लघवी अडली ती अडलीच, आणि अकरा दिवसांनी गेला. २०१० साली कबर पुन्हा उघडली तेव्हा विषप्रयोगाचा संशय फिटला आणि नाक सोन्या-चांदीचं नसून पितळी होतं हेही कळलं. ही कथा ऐकताना निम्मा घोळका पाय बदलत उभा असतो, कारण सकाळपासून कोणी गेलेलं नसतं. कथा संपताक्षणी तो छत्रीच्या टोकाने स्वच्छतागृहाची दिशा दाखवतो. तिथे पैसे लागतात. सुट्टी नाणी त्याच्याकडे असतात.

एका ठिकाणी मात्र त्याचा सूर पार बदलतो. नगरभवनाच्या भिंतीलगत फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रूस आहेत. २१ जून १६२१ रोजी सम्राटाविरुद्ध उठलेल्या २७ जणांना इथे मारलं. तीन सरदार, सात शिलेदार, सतरा नागरिक. त्यांत यान येसेनियस हा वैद्य होता. प्रागमध्ये पहिल्यांदा जाहीर शवविच्छेदन केलं ते यानेच, १६०० साली. आधी त्याची जीभ कापली. बारा मुंडकी पुलाच्या बुरुजावर टांगली, ती दहा वर्षं तिथेच होती. यात तो एक शब्दही पदरचा घालत नाही. गरजच पडत नाही.

पुढे योसेफोव्ह, म्हणजे यहुदी मोहल्ला. मोहल्ला म्हणायचा, पण १८९३ नंतर नगरपालिकेने तो जवळजवळ सगळा पाडला आणि पॅरिसच्या धर्तीवर रुंद रस्ता काढला. आज तिथे घड्याळांची आणि चामडी बॅगांची महागडी दुकानं आहेत. उरली ती सिनेगॉगं, नगरभवन आणि एकावर एक थर लावलेली दफनभूमी. इथे आख्यान गोलेमचं. राब्बी लोव यांनी नदीकाठच्या मातीचा पुतळा केला, त्यात प्राण घातला, आणि तो अनावर झाल्यावर त्याला जुन्या-नव्या सिनेगॉगच्या माळ्यावर ठेवून दिला. राब्बी खरे, १६०९ साली वारले. गोलेमशी त्यांचं नाव जोडलं गेलं ते त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. एगोन एर्विन किश हा प्रागचा नामांकित वार्ताहर विसाव्या शतकात माळ्यावर चढून पाहून आला, काही नव्हतं. ‘म्हणजेच,’ छत्रीवाला शांतपणे म्हणतो, ‘तो तिथून निघून गेलाय.’

आता वाटेल की या माणसाला खोट्याचं काहीच वाटत नाही. वाटतं. वाटेवर पावलापावलाला निखाऱ्यावर फिरणाऱ्या दांड्यांचा आणि करपत्या साखरेचा वास येतो. त्रडेल्निक. दांडीभोवती पीठ गुंडाळून भाजलेलं, साखर-दालचिनीत लोळवलेलं पोकळ नळकांडं, हल्ली आत आइस्क्रीम भरून. वर पाटी: ‘प्राचीन बोहेमियन’. ती पाटी दिसली की छत्रीवाल्याचा तोल जातो. हा पदार्थ प्रागच्या गल्ल्यांत बोकाळला तो या शतकात. नाव घ्यायचंच तर स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावाचं घ्यावं. ‘हा पर्यटकांना फसवण्याचा धंदा आहे,’ तो थरथरत्या आवाजात सांगतो. अर्ध्या तासापूर्वी यानेच हानुशचे डोळे काढलेले असतात. पण त्याचं शास्त्र निराळं आहे. थाप चालेल, ती जुनी हवी. निदान शंभर वर्षं मुरलेली.

या घोळक्यात एक मराठी जोडपं असतंच. मुलाकडे म्युनिकला आलेलं, मुलाने आंतरजालावर नाव नोंदवून पाठवलेलं. काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. सकाळपासून त्यांनी तोंड उघडलेलं नसतं. पुलावर आल्यावर मात्र ते पुढे सरकतात. छत्रीवाला रंगात येऊन सांगत असतो की चौथ्या चार्ल्सने पायाचा दगड बसवला तो १३५७ सालच्या सातव्या महिन्यात, नऊ तारखेला, पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटांनी. वर्ष, तारीख, महिना, तास, मिनिटं ओळीने लिहा: १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १. काकांना यात नवल वाटत नाही, मुहूर्त बघणारच. (हा मुहूर्त विसाव्या शतकातल्या एका अभ्यासकाच्या तर्कातून आला, हे ऐकून तर ते किंचित नाराज होतात.) त्यांचं लक्ष चुन्यावर. चुना घट्ट व्हावा म्हणून त्यात अंडी घातली, राज्यभरातून गाड्या भरून मागवली, आणि वेल्व्हारी गावच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली, अशी दंतकथा. सगळे हसतात. काका हसत नाहीत.

‘बिल पास झालं का त्यांचं?’

छत्रीवाला प्रथमच निरुत्तर होतो. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलेलं नसतं. ‘अहो, चला ना पुढे,’ काकू म्हणतात, पण काकांना उकडलेली अंडी स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याची मनापासून काळजी वाटत असते.

शेवटचा थांबा नेपोमुकच्या संत यानचा. १३९३ साली राजाच्या हुकमाने याला पुलावरून नदीत टाकलं. राणीने पापनिवेदनात काय सांगितलं ते त्याने राजाला सांगितलं नाही म्हणून, ही कथा. एका मठाधिपतीच्या नेमणुकीवरून राजा आणि आर्चबिशप यांचं वाजलं होतं, हा इतिहास. पुतळ्याखालच्या ब्राँझच्या पट्टीवर संताला हात लावला तर पुन्हा प्रागला येणं घडतं म्हणतात. शेजारच्या पट्टीवर एक शिलेदार कुत्र्याला कुरवाळतोय. त्या कुत्र्याला हात लावून काहीही मिळत नाही, तशी परंपराच नाही. पण संतापाशी रांग मोठी असते, म्हणून लोक कुत्र्याला हात लावून घेतात, आणि आज तो कुत्राही संताइतकाच सोन्यासारखा चकाकतो. छत्रीवाला या कुत्र्याकडे मोठ्या आशेने पाहतो. अजून पन्नास वर्षांनी याचीही गोष्ट तयार होईल.

मग तबक. तो छत्री मिटतो. अडीच तासांत पहिल्यांदाच. घोळक्यातल्या काहींना एकाएकी पलीकडच्या काठावरचा किल्ला फार आवडायला लागतो. ‘फुकट आहे म्हणाला होता ना राजू?’ काका. ‘अहो, घसा बसलाय त्या पोराचा,’ काकू. काका कोरुनाला चाराने गुणतात, थबकतात, पुन्हा गुणतात. तोवर काकूंनी पर्समधून नोट काढून त्याच्या हातात ठेवलेली असते, वर दोन खडीसाखरेचे खडे. दुपारी तो हेच सगळं पुन्हा सांगणार असतो, दुसऱ्या घोळक्याला, त्याच घशाने.

वर्षातून चार दिवस त्याला सुट्टी मिळते. सुट्टीत माणसाने दुसरं काही करावं. हा क्राकोला जातो आणि तिथल्या छत्रीखाली उभा राहतो. मुख्य चौकात, संत मेरीच्या चर्चवरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. तेराव्या शतकात तातारांचा बाण तुतारीवाल्याच्या गळ्यात घुसला, म्हणून आजही सूर तिथेच तोडतात, असं तिथला छत्रीवाला आवाज खाली आणून सांगतो. आपल्या प्रागकराला माहीत असतं की ही कथा जगभर पोचवली ती १९२८ साली एका अमेरिकन लेखकाने मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीने. शेजारी उभी असलेली पर्यटक बाई वळून त्याला हळूच विचारते, ‘हे खरं असेल का हो?’

‘शंभर टक्के,’ तो म्हणतो, आणि पाकीट बाहेर काढतो.