तर्रीवादी गृहस्थ

नागपूरच्या खाद्यजीवनात आढळणाऱ्या मानवी नमुन्यांपैकी तर्रीवादी गृहस्थ हा सर्वपरिचित नमुना असूनही त्याची शास्त्रशुद्ध नोंद अद्याप कोणी केलेली नाही, आणि धरमपेठ-रामदासपेठेच्या बाजूला पहिल्या मजल्यावर सहा-सात टेबले मांडून ‘लॅटिन फ्यूजन’ अशी पाटी लावणारी उपाहारगृहे निघू लागल्यापासून ही उणीव अधिकच जाणवू लागली आहे. तर्री म्हणजे खरे तर तिखट रश्श्यावर चढणारा तांबडा तेलाचा थर. परंतु नागपुरात सकाळी पोह्यांवर हरभऱ्याचा जो झणझणीत पातळ रस्सा ओततात त्यालाच तर्री म्हटले जाते, आणि हा रस्सा ज्यावर ओतता येत नाही तो पदार्थ अन्न या संज्ञेस पात्र नाही, अशी ज्याची श्रद्धा असते तो तर्रीवादी होय. नागपुरातल्या झीरो माईलच्या दगडापासून अंतरे मोजावीत तशा जगातील सर्व चवी तो सावजी रश्श्यापासून मोजतो.

वयाने तो पन्नाशी ओलांडलेला असतो, बहुधा सरकारी खात्यातून किंवा बँकेतून निवृत्त, आणि अशा उपाहारगृहात तो स्वतःहून कधी जात नाही. त्याला नेले जाते. पुण्याहून दिवाळीला आलेला मुलगा किंवा नव्यानेच कमावती झालेली मुलगी त्याला जिना चढवून वर नेते, त्याच्या हाती जाड पुठ्ठ्याचे मेन्यूकार्ड देते, आणि तो ते उजवीकडून, म्हणजे किमतीच्या बाजूने, वाचू लागतो. ‘ताको’ म्हणजे मक्याच्या पातळ पोळीत भाजी किंवा मांस घालून ती मधोमध दुमडणे, हे वाढप्याने समजावून सांगितले की त्याचा पहिला निर्णय जाहीर होतो: “म्हणजे हे तं आपलंच आहे.” पत्नी “अहो, हळू बोला नं” असे म्हणते, परंतु तोवर दुसरा, तात्त्विकदृष्ट्या अधिक महत्त्वाचा प्रश्न विचारून झालेला असतो: “भाऊ, याच्यावर तर्री नाही का जी?”

ताकोबरोबर साल्सा येतो, म्हणजे टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचे मिश्रण, आणि तो चाखून “ठेचा बिघडला वाटते” असा अभिप्राय मिळतो. ग्वाकामोले, म्हणजे पिकलेल्या अवोकाडोचा गर ठेचून त्यात लिंबू पिळलेले प्रकरण, हे न भाजलेल्या वांग्याचे भरीत ठरते. नाचोज हा पदार्थ १९४०च्या दशकात मेक्सिकोतील पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावी इग्नासिओ आनाया नावाच्या गृहस्थाने ऐनवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी मक्याच्या पोळीचे तुकडे तळून, त्यांवर चीज घालून केला, ही माहिती मुलगी मोबाईलवरून वाचून दाखवते. त्यावर “ऐन टायमावर पाहुणे आले तं असंच करा लागते” एवढीच दाद तो देतो आणि तो आनाया त्याला एकदम घरचा वाटू लागतो. मात्र ‘सेविचे’, म्हणजे कच्ची मासळी केवळ लिंबाच्या रसात मुरवून खाण्याची पेरूची पद्धत, समोर आली की घराशी नाते जोडण्याची ही प्रतिभा क्षणभर थिजते. “कच्चीच देऊन राहिले का?” असे विचारून तो बशी मुलाकडे सरकवतो आणि थोड्या विचारानंतर उपाय सुचवतो की उकळती तर्री वरून ओतली असती तर निदान शिजली तरी असती.

तर्रीच्या या मागणीचे पुढे एक वेळापत्रकच बनते. ती सूपबरोबर होते, भाताबरोबर होते, आणि तीन प्रकारच्या दुधांत भिजवलेला ‘त्रेस लेचेस’ नावाचा केक आला तेव्हा केवळ पत्नीच्या नजरेमुळे ती तोंडातल्या तोंडात होते. वाढपी आत जाऊन कसलासा लाल सॉस आणतो; गृहस्थ त्यात बोट बुडवून चाटतो आणि “गोड आहे” हे दोन शब्द अशा स्वरात उच्चारतो की शेजारच्या टेबलावरचे लोकही आपापल्या सॉसकडे संशयाने पाहू लागतात.

येथे एक विषयांतर करणे भाग आहे, कारण या गृहस्थाचा दावा वाटतो तितका हास्यास्पद नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली, आणि ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे भारतात आली; मका, टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा, पेरू आणि सीताफळ हीसुद्धा त्याच भूमीची लेकरे. तेव्हा भौगोलिक निर्देशांक मिळवून बसलेली नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरची हीदेखील लांबच्या पाहुण्यांचीच वंशज असून, हरभऱ्याच्या रश्श्याला मेक्सिकोकडच्या फळाचा तांबडा रंग चढवून तो पोह्यांवर ओतणारा नागपूरकर रोज सकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या लॅटिन फ्यूजनच खात असतो. फक्त त्याला मेन्यूकार्ड नसते आणि सेवाशुल्कही नसते. फ्यूजन, म्हणजे दोन मुलखांच्या पाककलांचा संकर, ही हल्लीच्या शेफची करामत समजली जाते. परंतु १८९९ साली जपानी मजूर पेरूत उतरले आणि त्यांच्या वंशजांच्या हातून तिथल्या मासळीची ‘निक्केई’ पाकशैली घडली, किंवा लेबनॉनकडून मेक्सिकोत गेलेल्यांच्या उभ्या सळईवरच्या शावर्म्यापासून ‘ताको अल पास्तोर’ झाला, तेव्हा त्यामागे पोट भरणे यापलीकडे काही धोरण नव्हते.

तर्रीवादी गृहस्थाचे एक विधान तर बरेचसे खरे आहे, आणि ते तो नेमके बिल येण्याच्या सुमारास करतो. “मेक्सिकोवाल्यांना मका आपल्या वर्ध्याच्या माणसानं शिकवला,” असे तो म्हणतो, मुले डोळे फिरवतात, आणि येथे मुलांचे चुकते. शिकवला हे अर्थातच अतिशयोक्त, कारण मक्याची शेती मेक्सिकोतच सुरू झाली. परंतु वर्ध्यात जन्मलेले गदर चळवळीतील क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे हे परागंदा होऊन मेक्सिकोत पोचले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या, आणि दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरातच वारले. त्यांच्या त्या मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून, सोलून, मग वाटतात, आणि त्यामुळे त्यातले एरवी अंगी न लागणारे नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. ही कृती ऐकल्यावर सुपारी-तंबाखूत चुना घालून खर्रा घोटण्यात हयात घालवलेल्या या गृहस्थाच्या चेहऱ्यावर चुन्याचा अखेर गौरव झाल्याचे जे समाधान पसरते, ते पाहण्यासारखे असते.

त्याच्याविषयी बरे बोलायचे तर ते नाइलाजानेच बोलावे लागते, पण बोलावे लागते. पदार्थांची छायाचित्रे काढणारी तरुण मंडळी अशा उपाहारगृहात एकदा येतात आणि पुढच्या महिन्यात नव्या पाटीकडे वळतात. तर्रीवादी गृहस्थ मात्र शिव्या घालत घालत पुन्हा येतो, साळ्याला आणतो, अमरावतीच्या व्याह्यांना आणतो, आणि त्यांच्यापुढे “हे तं आपलंच आहे” हे वाक्य आता यजमानाच्या थाटात म्हणतो, कारण एखाद्या परक्या वस्तूला आपले म्हणणे हेच त्याच्याकडचे सर्वोच्च प्रशस्तिपत्र असते. स्वयंपाकी छिंदवाड्याकडचा आहे, त्याच्या मुलीची दहावी आहे आणि मालकाने दोन महिने पगार थकवला आहे, हे मुलाला ठाऊक नसते, त्याला ठाऊक असते. लाल सॉस आणणारा वाढपी हळूहळू न मागताच वाटी आणू लागतो, आणि एके दिवशी त्या वाटीत खरोखरच हरभरे असतात.

भाडे परवडेनासे होऊन ते उपाहारगृह बंद पडते, जे बहुतेक वेळा पडतेच, तेव्हा त्या स्वयंपाक्याला ओळखीच्या केटररकडे चिकटवून देणारा हाच गृहस्थ असतो. लग्नसराईत वर्धा रोडवरच्या एखाद्या लॉनवर, पाणीपुरी आणि जिलेबी यांच्या मधोमध ‘मेक्सिकन काउंटर’ लागतो, आणि तिथे रांगेतल्या पाहुण्यांना ताको कसा धरावा, कोणत्या बाजूने चावावा आणि खानखोजे कोण होते, हे वधूपक्षाशी काडीचाही संबंध नसलेला एक सफारी घातलेला इसम समजावून सांगत असतो, तर त्याची पत्नी दूर खुर्चीवरून त्याला आइस्क्रीम संपत आल्याची खूण करत असते.