रा. रा. कांदेपोहे यांस

रा. रा. कांदेपोहेसाहेब, मुक्काम घरोघर, यांस,
उमरी (जि. नांदेड) येथून एका सुशीलाभक्ताचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण, तुमची चढती कमान आता डोळ्यांत खुपायला लागली आहे. सुदाम्याच्या पुरचुंडीतून तुम्ही थेट द्वारकेत पोचलात, ते जुनं झालं. पण इंदूरला जाऊन शेव-जिलेबीशी सोयरीक जुळवलीत, ७ जूनला स्वतःचा दिवस साजरा करून घेता, आणि लग्नं तर तुमच्या नावावरच ठरतात. ‘यंदा कांदेपोह्यांचा कार्यक्रम’ म्हटलं की सगळ्यांना समजतं. आम्ही ‘यंदा सुशीलाचा कार्यक्रम उरकून टाकू’ म्हटलं, तर लोक विचारतील, “मुलगा काय करतो?”

वास्तविक तुम्ही आणि आमची मुरमुऱ्यांची सुशीला, दोघं एकाच साळीची लेकरं. तुम्हांला भिजवलं, भाजलं आणि चेपून चपटं केलं. तिच्या मुरमुऱ्यांना तापल्या वाळूत फुगवलं. दबलेला मोठा झाला आणि फुगलेली मागं राहिली, असं उदाहरण राजकारणातसुद्धा सापडायचं नाही.

तुम्ही म्हणाल, ही आडगावची बाई. तसं नाही हो. तिकडं रायचूरच्या बाजूला ती ‘सुसला’ म्हणून नांदते. १९५६ पर्यंत उमरी आणि रायचूर एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढं राज्याच्या वाटण्या झाल्या, कढईच्या झाल्या नाहीत. नाव सुसल्याचं सुशीला झालं की सुशीलाचं सुसला, यात मी पडत नाही. ‘तो सुशीला’ की ‘ती सुशीला’ यावरच आमच्या घरात अजून एकमत नाही.

आता तिचं कसब ऐका. मुरमुरे पाण्यात टाकायचे आणि लगेच मुठीनं पिळून काढायचे. तेवढ्यात दारात कोणाशी बोलत उभं राहिलात की लगदा. मग मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा, हळद. वरून डाळव्याचं पीठ आणि शेंगदाण्याचं कूट. हे पीठ-कूट दाण्यादाण्याला चिकटतं, तिथं तुमची हार आहे. तुमच्या अंगावरचे शेंगदाणे कसे, वऱ्हाडातल्या रुसलेल्या पाहुण्यांसारखे, बशीच्या कडेला. शिवाय गार झालात की तुम्ही घशात अडकता. चहाचा घोट लागतो.

एक दोष मात्र कबूल करतो. सूपभर मुरमुरे भिजवावेत आणि पिळल्यावर कढईच्या तळाशी चार बशांचाच ऐवज उरावा. आठ पाहुण्यांत यजमानाची अब्रू जाते ती इथं.

मागच्या रविवारी भाचीला बघायला पुण्याची मंडळी आली. बायकांचा ठराव एकमतानं झाला, “पोहेच करा, बाहेरचे लोक आहेत.” मी, एवढा सुशीलाभक्त, गुपचूप लिंबू चिरत बसलो. बैठकीत तुम्ही खोबरं-कोथिंबीर लेवून मिरवलात आणि आम्ही घरची माणसं चुलीपाशी कढईतच हात घालून सुशीला खात होतो. इतक्यात मुलगा हात धुवायला आत आला. फोडणीचा वास घेत थबकला आणि विचारलं, “ही कोण... म्हणजे हे काय?”

“सुशीला,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. “पण बायोडेटात तर नाव वेगळं होतं.”

आपला,
एक उमरीकर