धुके महाशयांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय धुके महाशय,
मुक्काम पोस्ट गंगा-यमुनेचे मैदान
(हंगामी वास्तव्य : डिसेंबर व जानेवारी)

विषय : एका पुणेकराच्या एकदिवसीय आग्रा सहलीत आपण दाखवलेल्या विशेष आस्थेबद्दल.

स. न. वि. वि.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे दिल्लीहून आग्र्याला निघालेले एक गृहस्थ आपल्या स्मरणात असतीलच. अंगात घरी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पिशवीत भाकरवडीचा पुडा. हापिसच्या कामाला दिल्लीत आलेले, मध्ये एक रविवार मोकळा सापडलेला. पुणेकर असूनही तक्रारअर्ज लिहिण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून हे काम त्रयस्थाकडे आले आहे.

गृहस्थ एकटे होते. एकट्याच्या सहलीत वाद घालायला कोणी नसते, त्यामुळे वेळापत्रक फार कडक होते. त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहिले होते : ८.०० आग्रा कँटोन्मेंट, ८.४५ ताज, ११.३० किल्ला, १.१० जेवण (वीस मिनिटे). ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेली गतिमान एक्स्प्रेस ताशी १६० किलोमीटरपर्यंत धावते आणि हजरत निजामुद्दीनहून आग्र्याचे १८८ किलोमीटर शंभर मिनिटांत तोडते, हे त्यांना तोंडपाठ होते. तिचे आरक्षण मिळाले नाही म्हणून त्यांनी पहाटेची दुसरी गाडी धरली. पण गाडी कोणतीही असो, त्या दिवशी वेग आपणच ठरवणार होतात.

आपला कारखाना कसा चालतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. रात्र लांब, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमीन भराभर निवते, गव्हाच्या पाणी दिलेल्या शेतांवरची ओली हवा तिच्यासोबत गार होते आणि वरच्या उबदार हवेचे झाकण बसले की खालचा धूर, धूळ, बाष्प सगळे जागच्या जागी कोंडते. उपग्रहाच्या छायाचित्रात पंजाबपासून बिहारपर्यंत पांढरी गोधडी पसरलेली दिसते, ती आपण. हवामान खात्याने आपल्याला पदव्याही बहाल केल्या आहेत. दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की आपण 'दाट', ५० मीटरच्या खाली गेली की 'अतिदाट'.

फरिदाबाद गेले म्हणतात. पलवल गेले म्हणतात. गृहस्थांनी काच पुसून पाहिले, तर बाहेर काचेचीच दुसरी बाजू. शेजारच्या सरदारजींनी डोळे न उघडता "कोहरा है जी" एवढे सांगितले आणि पुन्हा शालीत शिरले. अशा वेळी इंजिनात काय चालते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? सिग्नल दिसल्याखेरीज गाडी हाकायची कशी? पूर्वी अशा रात्री रेल्वेचा माणूस कंदील घेऊन रुळावर जाई आणि सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे फटाके लावून येई. चाकाखाली फटाका वाजला की चालकाने समजायचे, सिग्नल जवळ आला. आता चालकाजवळ जीपीएसवर चालणारे यंत्र असते, पुढचा सिग्नल किती दूर आहे ते सांगणारे. तरीही आपल्या राज्यात वेगमर्यादा ताशी ७५. एकशेसाठची ऐट पंचाहत्तरवर आणण्याचे श्रेय निर्विवाद आपले.

आठची गाडी दहाला पोचली. चिठ्ठीवरची पहिली ओळ खोडली गेली.

ताजमहालाचे तिकीट भारतीयांना ५० रुपये, आत मकबऱ्यात जायचे तर आणखी २००. तिकीट तीन तास चालते. गृहस्थांनी अडीचशे रुपये मोजले, लाल दगडाच्या भव्य दरवाजातून आत पाऊल टाकले आणि समोर पाहिले. तिथे काहीही नव्हते. दरवाजापासून मकबऱ्यापर्यंतची बाग सुमारे ३०० मीटर लांब आहे आणि आपण त्या दिवशी 'दाट' होतात. हिशोब सोपा आहे. पाण्याचा हौद चार पावले दिसत होता, पुढे पांढरे. शे-दोनशे माणसे त्या पांढऱ्याकडे पाठ करून फोटो काढून घेत होती. एक जण हवेत चिमूट धरून उभा होता, घुमटाचे टोक धरल्यासारखी. बोटांत घुमट नव्हता, पण पोझ चोख होती. एका छायाचित्रकाराने गृहस्थांसमोर प्लास्टिकमध्ये घातलेला, उन्हातल्या ताजचा नमुना धरला आणि म्हणाला, "सर, ऐसा दिखता है."

इथे मात्र आपले आभार मानावे लागतील, आणि हे लिहिताना हात आखडतो. दूरचे दिसेना म्हणून गृहस्थ जवळ गेले. बुटांवर कापडी खोळी चढवून चौथऱ्यावर पोचले आणि भिंतीला नाक लागेल इतके जवळ उभे राहिले. संगमरवर बर्फासारखा गार. त्यात बसवलेल्या एका फुलाच्या पाकळ्या त्यांनी मोजायला घेतल्या, तर एकेक पाकळी दोन-तीन तुकड्यांची निघाली, आणि सांध्यावरून नख फिरवले तर नख अडकेना. आत एका मार्गदर्शकाने अशाच फुलावर बॅटरी टेकवली. तांबडा दगड निखाऱ्यासारखा पेटला, भोवतीचा संगमरवर दुधासारखा उजळला. स्वच्छ हवेत आलेला माणूस घुमटाकडे मान वर करतो आणि फुलापाशी थांबत नाही.

पुढे किल्ला. १६५८ मध्ये औरंगजेबाने बापाला इथे कोंडले. मुसम्मन बुर्जातून यमुनेच्या वळणापलीकडे ताजकडे पाहत शाहजहानने अखेरचे दिवस काढले, ही कथा प्रत्येक मार्गदर्शक डोळे ओले करून सांगतो. गृहस्थ त्या दिशेला तोंड करून उभे राहिले. यमुनासुद्धा दिसेना. शाहजहानने इथे आठ हिवाळे काढले. त्यांतल्या किती सकाळी आपण त्याला पांढरी भिंत दाखवलीत, ते आपल्यालाच ठाऊक. गेला तोही आपल्याच महिन्यात, जानेवारी १६६६ मध्ये.

त्यानंतर चारच महिन्यांनी, मे महिन्यात, याच शहरात शिवाजी महाराज आले. औरंगजेबाच्या दरबारातला अपमान, मग नजरकैद, आणि १७ ऑगस्टला पहाऱ्यावरच्यांच्या हातावर तुरी. पेटाऱ्यांतून गेले की वेष पालटून, यावर इतिहासकार अजून भांडतात. आपण मात्र त्यात कुठेच नव्हतात. ऑगस्टमध्ये आपली रजा असते. महाराजांना आपली गरज पडली नाही, हे नम्रपणे नोंदवतो. किल्ल्याबाहेर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. गृहस्थ खाली उभे राहिले तेव्हा घोड्याचे खूर दिसत होते, वरचे धूसर. त्यांनी टोपी काढून मुजरा केला. कान गार पडले ते वेगळेच.

चिठ्ठी एव्हाना पूर्ण खोडून झाली होती. म्हणून गृहस्थ चिठ्ठीत नसलेल्या ठिकाणी गेले. शहराच्या उत्तरेला रोमन कॅथलिक दफनभूमी आहे. तिथे १६१४ साली वारलेल्या जॉन मिल्डनहॉल या इंग्रज व्यापाऱ्याची कबर आहे, आणि तिथेच एक लाल ताजमहाल आहे. तांबड्या वालुकाश्माचा, लहानखुरा, घुमट असलेला पण मोठे मिनार नसलेला. खाली जॉन विल्यम हेसिंग झोपला आहे. हा डच माणूस शिंद्यांच्या फौजेतला सेनाधिकारी, आग्र्याच्या किल्ल्याचा अंमलदार. होय, तोच किल्ला. महादजी शिंद्यांनी तो १७८५ च्या सुमारास घेतला आणि लॉर्ड लेकच्या इंग्रज फौजेने ऑक्टोबर १८०३ मध्ये मराठ्यांकडून काढून घेतला. हेसिंग त्याच वर्षीच्या जुलैत गेला. किल्ला पडलेला त्याला पाहावा लागला नाही. कबर बांधली ती त्याच्या बायकोने, अ‍ॅनने. एक ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला, दुसरा बायकोने नवऱ्यासाठी. दुसऱ्यापाशी रांग नव्हती, कापडी खोळी नव्हत्या आणि चिमूट धरणारे कोणी नव्हते.

गृहस्थ घुमटाकडे पाहत असताना, दुपारी तीन वाजता, आपण उठलात. लख्ख ऊन पडले. त्यांच्या तिकिटाचे तीन तास केव्हाच संपले होते आणि परतीच्या गाडीला तीन तासही उरले नव्हते. वाटेत त्यांनी कोहळ्याचा पेठा आणि तिळाची गजक घेतली, स्टेशन गाठले आणि फलाटावर उभे राहून भाकरवडी संपवली. घरी पुण्यात विचारले गेले, "ताज कसा आहे?" ते म्हणाले, "लाल आहे." यावर घरात जे झाले, त्याची जबाबदारी आपण घ्यावी.

मागणी एवढीच, की यापुढे रविवारी निदान अकरापर्यंत आवरते घेत जावे.

कळावे. लोभ नसावा.

आपला,
एका पुणेकराचा शेजारी

ता. क. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. त्या दिवशी हवे तेवढे बसा.