गोव्यात मॅच कुठे बघावी : नवशिक्यांसाठी

आधी साहित्य. एक मॅच, एक टोपी किंवा छत्री (ऋतूप्रमाणे), सुटे पैसे, चार्ज केलेला मोबाइल, तोही मॅचसाठी नव्हे तर परतीसाठी, आणि वयाचा पुरावा. महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ वर्षं लागतात आणि त्यावरच्या मालाला २५. गोव्यात सगळ्याला १८ पुरतात. म्हणजे बांद्याहून निघालेला कॉलेजकुमार पत्रादेवीचा नाका ओलांडताना एका फर्लांगात सात वर्षांनी प्रौढ होतो. ही प्रौढता बिल येईपर्यंत टिकवून धरायची असते.

भारताची क्रिकेटची मॅच बघायची असेल तर पुढचं वाचू नका. ती गोव्यात शोधावी लागत नाही, चुकवावी लागते. बागा-कळंगुटला दर दुसऱ्या दुकानात ती चालू असते, टॅटू काढणाऱ्याकडेसुद्धा, आणि तिथे ती बघू नये, कारण सुई त्याच्या हातात असते. खरं कौशल्य लागतं ते फुटबॉलला. म्हणजे तुम्ही पुण्या-कोल्हापूरकडून चार दिवसांसाठी आला आहात, शनिवार संध्याकाळ आहे, आर्सेनल खेळतेय, आणि बरोबरचे तिघे म्हणताहेत, ‘‘अरे, समुद्र बघायला आलोय ना आपण?’’ त्यांना समुद्रावर सोडा. समुद्र कुठे जात नाही.

पायरी पहिली : कॅलेंडर बघा

नवशिक्याच्या मनात एक चित्र असतं. वाळूत खुर्ची, पायाशी लाटा, हातात बाटली, समोर मोठा पडदा आणि त्यावर वर्ल्ड कपची फायनल. चित्र सुंदर आहे, पण फुटबॉलचा वर्ल्ड कप होतो जून-जुलैत आणि किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यापूर्वी उतरवून ठेवलेले असतात. त्या दिवसांत वाळूत खुर्ची टाकलीत तर ती रत्नागिरीला सापडेल. आजवर एकदाच, २०२२ साली, कतारच्या उन्हाला घाबरून वर्ल्ड कप नोव्हेंबर-डिसेंबरात गेला आणि गोव्याच्या सीझनमध्ये अलगद येऊन पडला. अर्जेंटिनाने १८ डिसेंबरला पेनल्टीवर फ्रान्सला हरवलं तेव्हा किनाऱ्यावर शॅक होते आणि शॅकमध्ये माणसं होती. असा योग पुन्हा येईल म्हणून थांबू नये. २०२६चा वर्ल्ड कप ११ जून ते १९ जुलै, तोही अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोत. फायनल आपल्याकडे २० तारखेला, मध्यरात्र उलटून अर्ध्या तासाने.

तेव्हा वर्ल्ड कप बघायचा तर किनारा सोडून आत गावात शिरावं लागतं, आणि गावात शिरलात की टीव्हीच्या आधी टीव्हीमागचं तंत्र तपासावं लागतं. बाहेर छपरावर डिश दिसली तर सावध व्हा. आषाढातला पाऊस डिशचा सिग्नल गिळतो, आणि तो नेमका कॉर्नर किक घेताना गिळतो. केबलची वायर दिसली तर निम्मी लढाई जिंकलीत. मग इन्व्हर्टर आहे का ते विचारा. ‘‘आहे’’ या उत्तरावर नवशिका समाधान मानतो. जाणकार पुढे विचारतो, ‘‘त्यावर काय काय आहे?’’ पुष्कळ ठिकाणी इन्व्हर्टरवर टीव्ही असतो, पंखा असतो, देव्हाऱ्यातला किंवा क्रुसासमोरचा दिवा असतो; सेट-टॉप बॉक्स मात्र दुसऱ्या प्लगवर असतो. वीज गेली की काळ्या पडद्याचा टीव्ही उत्तम चालू राहतो.

पायरी दुसरी : घड्याळ

इंग्लिश प्रीमियर लीगची शनिवारी दुपारी तीनची मॅच आपल्याकडे साडेसातला दिसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंड आपली घड्याळं तासभर मागे घेतं आणि तीच मॅच साडेआठला जाते. गोव्याचा पर्यटन हंगाम साधारण याच सुमारास भरात येतो. त्यामुळे नोव्हेंबरात काही बारमध्ये साडेसातपासून तासभर रिकाम्या मैदानाकडे श्रद्धेने बघत बसलेली माणसं दिसतील. त्यांना काही सांगू नका, तेवढ्यात त्यांची एक बिअर होते आणि मालकाचाही संसार आहे.

याच मॅचची एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलची मॅच टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावं, छोट्या क्लबांची तिकिटं खपावीत, म्हणून १९६०च्या दशकापासून पाळलेला हा सोवळेपणा. बाहेरच्या देशांना त्याचा विटाळ नाही. कांदोळीत बसलेला मँचेस्टरचा म्हातारा जी मॅच बघतो ती मँचेस्टरमध्ये राहिला असता तर त्याला टीव्हीवर बघता आली नसती. स्विंडनमध्ये तर गोंयकारांची मोठी वस्ती आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्यांची. मॅच स्विंडनपासून मोटारीने दोन-तीन तासांवर चाललेली असते आणि भाचा बाणावलीच्या मामाला फोन करून विचारतो, ‘‘कितें जालें?’’ मामा सांगतो. मामाचा हा तोरा बघायला मिळाला तर पहिल्या हाफचं नुकसान झालं तरी चालेल.

चॅम्पियन्स लीग हिवाळ्यात रात्री दीडला सुरू होते. त्या वेळी बार उघडा असेल तर तो मॅचसाठी उघडा नसतो.

पायरी तिसरी : पाटी वाचायला शिका

पर्यटकांच्या रस्त्यावर पाट्या दोन प्रकारच्या. पहिली फ्लेक्सची. तिच्यावर मेस्सी, रोनाल्डो, कोहली आणि तंदूरमधला पापलेट असे चौघे शेजारी शेजारी हसत असतात आणि खाली ‘लाइव्ह स्पोर्ट्स’. या चौघांपैकी पापलेट मिळण्याची शक्यता सर्वात जास्त, तोही लाइव्ह नव्हे. अशा ठिकाणी टीव्ही असतो पण आवाज नसतो. आवाज स्पीकरचा असतो, त्यावर गाणी लागलेली असतात, आणि पडद्यावर बावीस माणसं त्या ठेक्यावर धावताना दिसतात. दुसरी पाटी खडूची. तिच्यावर दोन संघ आणि वेळ, बस. ती पाटी चांगली, मात्र तारीख वाचून घ्यावी. गेल्या आठवड्यातली मॅच पुसायचं राहून गेलेलं असतं आणि ‘आज आहे का?’ विचारलंत तर ‘आहे, बसा’ असं उत्तर येतं.

या पाट्या फार वाचत बसू नये. त्याऐवजी दारातून आत डोकावून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आपण आलो नसतो तरी इथे हीच मॅच लागली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर आत शिरा. ‘आपल्यासाठी लावतील’ असं असेल तर तुमच्यामागून आलेल्या दिल्लीच्या बारा जणांसाठी ते चॅनेल बदलतीलही.

पायरी चौथी : माणसं

कांदोळी आणि दक्षिणेत केळशी इथे हिवाळाभर मुक्काम ठोकणारे वयस्कर इंग्रज असतात. त्यांचे बार ओळखणं सोपं. रविवारच्या रोस्टची पाटी, सकाळच्या अंडी-बीन्स-सॉसेजची पाटी, आणि प्रत्येक स्टुलावर एक ठरलेला माणूस. रिकामं स्टूल दिसलं म्हणून बसू नका. ते रिकामं नसतं, त्याचा मालक बाहेर सिगारेट ओढत असतो. हे लोक दुसऱ्या, तिसऱ्या डिव्हिजनची मॅचही तितक्याच दुःखाने बघतात. मोरजी-हरमलकडे पाट्या रशियन लिपीत असतात. तिथे काय चाललंय हे कळायला मॅच सुरू व्हावी लागते.

पण माझं मत विचाराल तर सासष्टी. मडगावच्या आसपासची गावं, किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, जिथे ताव्हेर्न म्हणजे एखाद्या घराचीच पुढची खोली. चार टेबलं, काचेच्या बरणीत काहीतरी लोणच्यातलं, भिंतीवर सांत आंतोन आणि त्याच्या शेजारी एखाद्या वाडावार फुटबॉल टुर्नामेंटचा चषक. इथे जहाजावर नोकरी करणारे तारवटी सुटीवर आलेले असतात. लिव्हरपूलची जर्सी त्यांनी म्हापशाच्या बाजारात नाही, लिव्हरपूलला घेतलेली असते. डेम्पो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या क्लबांच्या नावांचा उच्चार इथे घरच्या माणसासारखा होतो. डेम्पोने राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकली हे तुम्हाला माहीत आहे असं सहज बोलून दाखवा. पुढचा कोप, म्हणजे ग्लास, कदाचित दुसऱ्याच्या खात्यावर येईल. गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव काढलंत तर मात्र वेळ काढून बसा, कारण त्यांनी अडवलेले गोल एकेक करून सांगितले जातील आणि त्या वेळात टीव्हीवर झालेला गोल कोणीच बघणार नाही.

पायरी पाचवी : रिमोट

रिमोट फ्रीजवर असतो, प्लास्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून. त्याला हात लावू नये. तो मालकाचाही नसतो. घराची पुढची खोली म्हणजे मागे घर असतं आणि घरात म्हातारी आई असते. संध्याकाळी तेर्साची, म्हणजे रोझरीच्या प्रार्थनेची, वेळ झाली की टीव्हीचा आवाज खाली जातो, आणि आतून प्रार्थनेचा सूर येत असताना बाहेर ‘ऑफसाइड होता’ असं कुजबुजत भांडावं लागतं. ही उत्तम सवय आहे. जगातल्या सगळ्या पंचांनी इथे सहा महिने काढावेत. त्यानंतर सिरियल. सिरियल आणि मॅच एकाच वेळी आली तर ‘पात्रांव, जरा लावा ना’ अशी गळ मालकाला घालून उपयोग नाही. त्याला घालता येते तेवढी त्याने आधीच आईला घातलेली असते.

पायरी सहावी : शेजारचा बार

तुमच्या बारमध्ये मॅच मोबाइलच्या नेटवरून टीव्हीवर चढवली असेल आणि शेजारच्या बारमध्ये केबल असेल, तर तुमचा खेळ अर्धं मिनिट शिळा असतो. नेटवरचं चित्र तुकड्या-तुकड्यांनी साठवून पुढे येतं, त्याला तेवढा वेळ लागतो. परिणाम असा की तुमचा फॉरवर्ड अजून मैदानाच्या मध्यावर बूट सारखा करतोय आणि भिंतीपलीकडून ‘गोऽऽल’ येतो. उपाय एकच, शेजारच्या बारमध्ये जाणे. तिथल्या लोकांनी ही भिंत मुद्दाम पातळ ठेवली असावी अशी मला शंका आहे.

पायरी सातवी : बाजू

वर्ल्ड कपात इथे घरांवर ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगालचे झेंडे लागतात. पोर्तुगालच्या बाबतीत पाहुण्याने तोंड आवरावं. ‘पण १९६१ला तर आपण त्यांना...’ हे वाक्य मनातच पूर्ण करावं. २०१६च्या युरो फायनलला रोनाल्डो पंचविसाव्या मिनिटाला रडत बाहेर गेला, एडरने एक्स्ट्रा टाइममध्ये गोल मारला, आपल्याकडे तेव्हा पहाट व्हायला फार वेळ उरला नव्हता आणि फटाके वाजलेच. दुसरी बाजूही आहे. कळंगुटला २०२१च्या डिसेंबरात रोनाल्डोचा पुतळा बसला तेव्हा काळे झेंडे घेऊन लोक उभे राहिले : मुक्तीच्या साठाव्या वर्षी पोर्तुगीज माणसाचा पुतळा कशाला, आमच्या एखाद्या खेळाडूचा का नको? एकाच टेबलावर दोन्ही मतं बसलेली असतात, कधीकधी एकाच माणसात. २०२५च्या ऑक्टोबरात रोनाल्डोचा अल नस्र क्लब एफसी गोवाशी खेळायला खरोखरच फातोर्ड्याला आला आणि २-१ने जिंकून गेला. रोनाल्डो आलाच नाही. पुतळा कळंगुटला होता, तो काही फातोर्ड्याला नेता आला नाही.

पायरी आठवी : खाणं-पिणं

आयपीएल आणि उर्राक एकाच मोसमात येतात, मार्च ते मे. काजूच्या बोंडाच्या रसाची ही पहिली वाफ. लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. चवीला ती सरबत वाटते आणि पॉवरप्लेपर्यंत तुम्हीही तसंच समजता. फेणी त्याहून वयस्कर, तिच्याशी अदबीने वागावं. खायला चोरीस-पाव. रोस आमलेट हवं असेल तर ते गाड्यावर मिळतं, त्यासाठी हाफ टाइमला उठावं लागतं आणि रांग इतकी असते की सेकंड हाफचा पहिला गोल तुम्ही रांगेतच ऐकता.

पायरी नववी : परत

भाड्याची स्कूटर चालवत आला असाल तर चावी मालकाकडे द्या आणि सकाळी घ्या. रात्री गाडीची सोय आधीच करावी, ती नंतर होत नाही. गोव्यात मोटरसायकलवर मागे बसवून नेणाऱ्याला पायलट म्हणतात आणि ओळखीचा असेल तर थांबतोही. त्याला वेळ सांगताना ‘दीड तास’ सांगू नका. नॉकआउट मॅच असेल तर एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी धरून सांगा. नाहीतर तो आत येऊन तुमच्या शेजारी बसतो, सोडा मागवतो आणि तुमच्यापेक्षा जोरात ओरडायला लागतो. तो कुठल्या बाजूचा आहे हे मॅच संपायच्या आधी विचारून ठेवा, गाडीवर मागे बसल्यावर नव्हे.