पालकपदाचा चार्ज कुणाकडे?

तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई

विषय : हंगामी पालकास मार्गदर्शन मिळणेबाबत.

महोदय,



आधी अभिनंदन. १९८३ पासून 'यूए'चा एकच शिक्का होता. २०२३ साली कायदा दुरुस्त झाला आणि त्याचे सात, तेरा, सोळा असे तीन शिक्के झाले. सहाव्या वर्षी पोराला काय झेपत नाही अन् सातव्या वर्षी काय झेपतं, एवढा बारीक हिशेब आमच्या ऊसतोडीच्या मुकादमालाही जमायचा नाही. त्याची वही उचलीपुरतीच चालते.

त्याच कायद्यात लिहिलंय की, हे शिक्के पालकांनी विचार करावा म्हणून आहेत. पालकांखेरीज कुणाला ते लागू करता येणार नाहीत. ऊर भरून आला. सरकारनं एवढा विश्वास आमच्यावर पीककर्ज देतानाही टाकला नव्हता. अडचण एवढीच की, दिवाळी झाली की इथले पालक कोयता घेऊन गाडीत बसतात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत उसाच्या फडात. मागं उरतो आम्ही म्हातारा-म्हातारी, नातू, दोन शेळ्या अन् एक फोन.

फोन सुनेनं मुद्दाम ठेवलाय, रात्री कोपीवर आल्यावर लेकराचं तोंड दिसावं म्हणून. दिसतं पाच-दहा मिनिटं. गाडी भरायची असली तर तेवढंही नाही. बाकी वेळ फोन नातवाकडं.

ओटीटीवाल्यांना २०२१च्या नियमांनी तेरा वर्षांपुढच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप ठेवायला लावलंय. (ते खातं आपलं नव्हे, पण एका तिकिटात भागवतो.) आम्ही कुलूप लावलं. म्हणजे नातवानंच लावलं, मला ती अक्षरं दिसतात कुठं! आता आकडा त्याला ठाऊक, आजीनं कीर्तन ऐकायचं तर त्याची मनधरणी करायची. परवा कशाला तरी जन्मसाल विचारलं. पठ्ठ्यानं १९८५ टाकलं. बापापेक्षा थोरला झाला, फोननं मुकाट मान्य केलं. अन् सिनेमा तो बघतच नाही. तीन तास बसतो कोण? रील बघतो. रीलवर आपला शिक्काच नसतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली तोड काढली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. यवतमाळातल्या बान्सी गावानं तर त्याच साली अठराच्या आतल्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. गावानं ठरवावं हे मला पटतं. पण ज्या गावात सातला आईबाप घरी असतात, तिथं भोंग्याला अर्थ. इथं भोंगा वाजवला अन् नेमका तेव्हाच आईचा फोन आला, तर?

आम्हीही जत्रेत तमाशाच्या कनातीखालून आत घुसायचो. शिक्का नव्हता, पण कान धरून बाहेर काढणारा चुलता होता. नातवाचा चुलताही फडावरच आहे.

सबब विनंती की, दिवाळी ते गुढीपाडवा आपल्या मंडळाचा एक सदस्य तलवाड्यास नेमावा. राहायची सोय त्वरिता देवीच्या देवळापाशी करू. काम जड नाही : पोराजवळ बसायचं, काय बघतो ते बघायचं, अन् त्यानं विचारलं तर उत्तर द्यायचं. चष्मा सोबत आणावा.

आपला,
एक आजा

ता. क. : उत्तर फोनवर पाठवू नये. पोस्टानं पाठवलं तरी ते नातूच वाचून दाखवणार आहे. तेव्हा मजकूर त्याच्या वयाला झेपेल ना, हे तेवढं आपल्या पातळीवर तपासून घ्यावं.