डोक्यात भुसा असल्याचे फायदे

‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या 1939 च्या चित्रपटातल्या बुजगावण्याचं गाऱ्हाणं एकच : आपल्या डोक्यात भुसा आहे. बुजगावणंच ते, भुसा नाहीतर काय असणार! पण सबंध सिनेमात डोकं चालवतं ते हेच. घरी परतायचं म्हणून ऑझच्या जादूगाराकडे निघालेल्या डॉरथी या मुलीला वाटेतली सफरचंदाची झाडं फळ तोडू देत नाहीत, वर तिच्या हातावर चापट मारतात. बुजगावणं त्यांना मुद्दाम डिवचतं. झाडं भडकतात आणि सफरचंदंच फेकून मारू लागतात. घ्या आता वेचून!

डॉरथीला सोडवायला दुष्ट चेटकिणीच्या गडात शिरायची युक्तीही त्याचीच. त्याचे सोबतीही तसेच. पत्र्याच्या माणसाला म्हणे काळीज नाही. पण तो इतका हळवा, की रडून गंजेल म्हणून बाकीच्यांना त्याची समजूत काढावी लागते. भित्रा सिंह गडावर जायला तयार होतो आणि लगेच सोबत्यांना विनवतो, की माझं मन वळवा. तरी जातोच. शूर माणसांचं मला फार कळत नाही, पण हा सिंह मला पटतो.

डॉरथीचं तर विचारूच नका. माणकांचे जादूचे जोडे प्रवासाच्या सुरुवातीपासून पायात. टाचा तीनदा आपटल्या की थेट कॅन्ससला, घरी. कळसा काखेतही नव्हे, पायातच, तरी वळसा पुरता घालते. आधी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर भली चेटकीण ग्लिंडा म्हणते, हिला पटलं नसतं. खरं असेलही. पण निदान सांगून तर बघायचं!

थोर जादूगार म्हणजे पडद्याआड यंत्राच्या दांड्या ओढणारा एक म्हातारा. हे उघडकीला आणतो टोटो, म्हणजे कुत्रा. जादूगाराचा दरारा त्याच्या कानावर गेलेलाच नसतो.

पितळ उघडं पडल्यावर म्हातारा बुजगावण्याला चक्क पदवी देतो. कागद हाती येताच ते पायथागोरसचा सिद्धांत घडाघडा म्हणून दाखवतं, तोही साफ चुकीचा. काटकोन त्रिकोणाच्या जागी समद्विभुज, वर्गांच्या जागी वर्गमुळं! कुणाची भुवईही हलत नाही. पदवीधर बोलतोय म्हटल्यावर गणित कोण तपासणार?

पुढे राज्यकारभार याच पदवीधराच्या हवाली करून जादूगार फुग्यात चढतो. दोर सुटतो, फुगा भलत्याच वेळी वर जातो. म्हातारा वरून ओरडतो, मला परत येता येत नाही, हे कसं चालतं तेच ठाऊक नाही! खाली जमलेली प्रजा आनंदाने हात हलवून त्याला निरोप देते.